पडीक कोडचा इतिहास: आरियान ते लिनक्स

मागच्या भागात आपण सी भाषा कशी जन्मली ते पाहिलं. आज त्याच भाषेच्या संसारातली एक गोष्ट सांगणार आहे. तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. सी शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तर निळ्या पडद्याच्या टर्बो सीसमोर बसलेल्या दोन पिढ्यांनी वाचलं. पण ही सगळी पुस्तकं लिहायला शिकवतात. लिहिलेलं काढायचं कसं, हे शिकवणारं पुस्तक सहजी हाती लागत नाही.

प्रश्न साधा आहे. एखाद्या जुन्या सी प्रोग्रॅममध्ये अशा ओळी आहेत, ज्या आता कोणी वापरत नाही. एखादं फंक्शन आहे, त्याला कोणी बोलावत नाही. एखादं चल आहे, त्यात किंमत भरली जाते पण ती कोणी वाचत नाही. त्या ओळी ठेवायच्या की काढायच्या? शंभरातले नव्वद लोक म्हणतील, ‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’ हे उत्तर शहाणपणाचं वाटतं. इतिहास मात्र वेगळं सांगतो. अशा कोडला मी ‘पडीक कोड’ म्हणणार आहे. पडीक जमिनीसारखाच तो असतो. पीक देत नाही, पण त्यात काय वाढेल याचा नेम नसतो.

मी निवृत्तीनंतर बेंगळुरूत राहतो. या विषयासाठी याहून योग्य गाव नाही. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये इथे आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे आपलं केंद्र काढलं. नव्वदच्या दशकात वाय-टू-केचं काम आलं आणि इथल्या हजारो मुलामुलींनी परक्या देशातल्या बँकांचे, विमा कंपन्यांचे पंचवीस-तीस वर्षं जुने प्रोग्रॅम उघडले. ते बहुतेक कोबोलमध्ये होते, पण धडा सगळ्या भाषांना लागू होता. पहिलं काम असायचं मोजदादीचं: आपल्याकडे प्रोग्रॅम किती, त्यातले खरंच चालणारे किती? जो प्रोग्रॅम कोणी चालवतच नाही, त्यातली तारीख दुरुस्त करण्यात पैसे कशाला घालायचे? म्हणजे या शहराच्या पोटापाण्याचा मोठा भाग नवं लिहिण्यावर उभा राहिला नाही. दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्यावर आणि सांभाळण्यावर तो उभा राहिला. आणि वाचणाऱ्यालाच पडीक कोडचा खरा त्रास होतो. यंत्राला तो होत नाही.

हा त्रास नीट समजून घेऊ. समजा, हिशेबाच्या एका प्रोग्रॅममध्ये ग्राहकाची माहिती ठेवणारी एक रचना आहे. तिच्यात एक नवा रकाना घालायचा आहे. ती रचना वापरणारी सात फंक्शन्स सापडली. नवा माणूस इमानदारीने सातही वाचतो, सातही बदलतो, सातही तपासतो. त्यातली तीन फंक्शन्स गेली कित्येक वर्षं कोणी बोलावलेलीच नाहीत. त्याचे दोन दिवस वाया गेले, हे नुकसान लहानच. मोठं नुकसान वेगळं आहे. त्या तीन फंक्शन्समधून त्याने या प्रोग्रॅमबद्दल जी समजूत करून घेतली, ती चुकीची आहे. नकाशावर नसलेला पूल दाखवला असेल, तर तो नकाशा कोऱ्या कागदापेक्षा वाईट. लष्करात नकाशावर विसंबून चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता थोडं मागे जाऊ. सी भाषा बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमाराला आकाराला आली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. तेव्हाच्या यंत्रांची स्मरणशक्ती आजच्या साध्या फोनच्या तुलनेत नगण्य होती. त्यामुळे सीचा कंपायलर मुद्दाम लहान ठेवलेला. तो भाषांतर करी, फार चौकशा करत नसे. चौकशांसाठी स्टीफन जॉन्सन यांनी त्याच प्रयोगशाळेत १९७८च्या सुमारास एक स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘लिंट’. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू, कापसाचे कण. हे नाव किती नेमकं आहे पाहा. कपडा फाटलेला नाही, घालता येतो, पण झटकायला हवा. न वापरलेली चलं, न बोलावलेली फंक्शन्स, जिथे कधीच पोहोचता येणार नाही अशा ओळी, यांबद्दल लिंट तक्रार करी. म्हणजे पडीक कोडची चिंता ही आजची फॅशन नाही. भाषा जेमतेम पाच-सहा वर्षांची असतानाच तिच्या घरच्यांनी ती ओळखली होती.

मग पडीक कोड साठतो कसा? कोणी मुद्दाम ठेवत नाही. एखादं यंत्र बदलतं, जुन्या यंत्राचा कोड राहतो. एखादी सोय बंद होते, तिचं बटण पडद्यावरून जातं, पण मागची फंक्शन्स राहतात. कोणी चाचणीसाठी चार ओळी घालतो आणि बदली होऊन जातो. कोणी ‘उद्या लागेल’ म्हणून आजच काहीतरी लिहून ठेवतो. तो उद्या येतच नाही. आणि सीमध्ये तर ‘इफडेफ’ नावाची सोय आहे. एकाच फाइलमध्ये दहा यंत्रांसाठी दहा तुकडे, ज्या यंत्रासाठी बांधणी असेल तो तुकडा घ्यायचा, बाकीचे दृष्टिआड. त्या दहांपैकी सहा यंत्रं भंगारात गेली तरी त्यांचे तुकडे फाइलमध्ये मुक्कामाला असतात.

पडीक कोड नुसता अडगळ होऊन राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. तो उठून उभा राहतो तेव्हा काय होतं, याची दोन प्रसिद्ध उदाहरणं घेऊ. दोन्ही सीच्या परिघाबाहेरून घेतो, कारण मुद्दा भाषेपेक्षा मोठा आहे.

पहिलं आरियानचं. बेंगळुरूला हे नाव परकं नाही. इथे बनलेला आपला अ‍ॅपल उपग्रह १९८१ मध्ये आरियाननेच वर नेला आणि १९९२ मध्ये इन्सॅट-२ए आरियान-४ने. या विश्वासू आरियान-४चा मोठा वारस म्हणजे आरियान-५. त्याचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून झालं. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी रॉकेटची दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. रॉकेट वाकडं वळलं, तुटू लागलं आणि स्वतःच स्वतःला नष्ट करून मोकळं झालं. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्याबरोबर गेले.

चौकशी झाली. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर आरियान-४मधून आणलेलं होतं. त्यात एक भाग उड्डाणापूर्वी यंत्रणा जुळवून घेण्याचा होता. आरियान-४मध्ये उलटी मोजणी शेवटच्या क्षणी थांबली तर पुन्हा लवकर सुरू करता यावी म्हणून तो भाग उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवलेला होता. आरियान-५ला त्याची काहीच गरज नव्हती. पण चाललेलं आहे, तर राहू दे, म्हणून तो राहिला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच जास्त होता. तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. त्रुटी निर्माण झाली, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तोच कोड होता, ती त्याआधी क्षणभरच त्याच कारणाने बंद पडली होती. ज्या गणिताचं उत्तर उड्डाणानंतर कोणालाच नको होतं, त्या गणिताने रॉकेट पाडलं.

हा कोड अडा भाषेतला होता आणि तो चालत होता, म्हणजे काटेकोर व्याख्येने मृत नव्हता. त्याचं प्रयोजन मेलेलं होतं. पडीक कोडचा हा सगळ्यात फसवा प्रकार. कुठलंही साधन तो शोधून देत नाही. ‘हे इथे का आहे?’ असं माणसाने विचारलं तरच तो सापडतो.

दुसरं उदाहरण १ ऑगस्ट २०१२चं, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातलं. नाइट कॅपिटल नावाची मोठी दलाल कंपनी होती. तिच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची जुनी सोय होती. २००३ मध्ये तिचा वापर थांबला. कोड मात्र काढला नाही. २००५ मध्ये किती शेअर्सची मागणी पुरी झाली हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला गेला. त्यामुळे पॉवर पेग आता सुरू झालाच तर कुठे थांबायचं हे त्याला कळणार नव्हतं. पण तो कोणी वापरतच नव्हतं, तर तपासणार कोण? २०१२ मध्ये नवी सोय घालताना पूर्वी पॉवर पेगसाठी असलेली खूणच नव्या सोयीसाठी वापरली. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातवर चढला. आठव्यावर जुनाच राहिला. बाजार उघडला, खूण लागली आणि त्या आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग जागा झाला. ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार. बाजार उघडण्याआधीच ९७ आपोआप निघालेल्या ई-मेलमध्ये पॉवर पेगचं नाव येऊन गेलं होतं. ते वाचायची व्यवस्था नव्हती. गोंधळात कंपनीने उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, म्हणजे तिथेही जुना जागा केला. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा आपल्या पश्चिम सीमेवर मैलोन्मैल भूसुरुंग पेरले गेले. युद्ध झालं नाही. पुढच्या वर्षी सैन्य मागे घेतलं. सुरुंगांची गरज संपली, पण सुरुंगांना ते ठाऊक नसतं. सॅपर्स पेरताना प्रत्येक क्षेत्राची नोंद ठेवतात: खूण कुठली, ओळी किती, दर ओळीत सुरुंग किती. ती नोंद हातात असूनही काढताना जीव मुठीत धरावा लागतो, कारण वाळू सरकते, खुणा बुजतात. जिथे नोंद धड नाही तिथे काय होत असेल, कल्पना करा. पॉवर पेग हा असा सुरुंग होता. पेरणारे दुसरीकडे गेलेले, खूण पुसून त्यावर नवी पाटी लावलेली.

आता सीच्या अंगणात येऊ. २०१४ हे वर्ष या बाबतीत विसरण्यासारखं नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी घाईने एक दुरुस्ती पाठवली. आपण बँकेच्या संकेतस्थळाला जोडलो जातो तेव्हा समोरचा खरंच बँकेचा सर्व्हर आहे का, हे सही तपासून ठरवलं जातं. ते तपासणाऱ्या सी फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. पहिली एका अटीखाली होती. दुसरी दिसायला तिच्याच रांगेत, पण कुठल्याही अटीखाली नव्हती. त्यामुळे प्रोग्रॅम प्रत्येक वेळी तिथून उडी मारून शेवटाकडे जाई. सही तपासणारी खरी ओळ त्याच्या खाली होती. तिथे कधी पोहोचताच येत नव्हतं. आणि तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे फंक्शन ‘सगळं ठीक’ असं उत्तर देई.

इथे पडीक ओळ ही अडगळ नव्हती. ती पहारेकरी होती आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट बंद झाली होती. म्हणून ‘या ओळीपर्यंत पोहोचता येत नाही’ हा इशारा मिळाला की डोळे मिटून ओळ पुसायची नसते. कधी ओळ काढायची असते, कधी वाट मोकळी करायची असते.

यातला आणखी एक भाग मजेशीर आहे. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्ये अशा ओळी दाखवणारा एक पर्याय होता. त्याची उत्तरं भरवशाची नव्हती म्हणून त्यामागचं काम काढून टाकलं गेलं. पर्यायाचं नाव मात्र ठेवलं. तो दिला तर कंपायलर हूं की चूं न करता स्वीकारी, आणि काहीच तपासत नसे. पडीक कोड शोधणारा पर्यायच पडीक. ज्यांनी तो भरवशाने लावला होता, त्यांना आपल्याकडे पहारा आहे असंच वाटत राहिलं.

त्याच वर्षी ७ एप्रिलला ‘हार्टब्लीड’ जाहीर झालं. ओपनएसएसएल हे सीमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर जगभरातल्या असंख्य सर्व्हरची कुलपं सांभाळतं. त्यात हार्टबीट नावाची एक सोय होती, जिची बहुतेकांना गरज नव्हती पण जी आपोआप चालू असे. तिच्यातल्या एका न केलेल्या तपासणीमुळे बाहेरचा कोणीही सर्व्हरच्या स्मृतीतले एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे ओढून घेऊ शकत होता. पासवर्ड, किल्ल्या, काहीही.

मग ओपनबीएसडी या प्रकल्पातल्या मंडळींनी ओपनएसएसएलची प्रत घेतली आणि साफसफाई सुरू केली. आत काय सापडलं? व्हीएमएससाठीचा कोड, सोळा बिटी डॉस आणि विंडोजसाठीचा, मॅकच्या जुन्या प्रणालीसाठीचा. साऱ्या फाइलींतून इफडेफची जाळी. एका आठवड्याच्या आसपास त्यांनी सुमारे ९० हजार ओळी सी कोड काढला. त्या शाखेला पुढे लिब्रेएसएसएल हे नाव मिळालं. हार्टब्लीडची चूक स्वतः पडीक कोडमध्ये नव्हती, हे लक्षात ठेवा. पण ज्या घरात पाय ठेवायला जागा नाही, तिथे हरवलेली सुई सापडत नाही. दोन वर्षं ती चूक साऱ्या जगासमोर उघडी होती. कोड वाचायला कोणालाही मनाई नव्हती. तो वाचवत नव्हता, एवढंच.

इतकं ऐकल्यावर कोणाला वाटेल की झाडू घ्यावा आणि सुटावं. थांबा. छावणीत प्रत्येक बराकीबाहेर लाल बादल्या टांगलेल्या असतात, वाळूने भरलेल्या. वर्षानुवर्षं त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. ‘न वापरलेलं’ आणि ‘नको असलेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीमध्ये हा फरक ओळखणं अवघड आहे.

का अवघड? एखाद्या छोट्या यंत्रात खंड-सूचना हाताळणारं फंक्शन असतं. सगळा प्रोग्रॅम शोधला तरी त्याला बोलावणारी ओळ सापडत नाही, कारण त्याला प्रोग्रॅम बोलावत नाही, चिप बोलावते. काही फंक्शन्सचा पत्ता पॉइंटरमध्ये ठेवलेला असतो. काहींना नावाने शोधून चालताना जोडलं जातं. काही ओळी फक्त डिस्क भरली किंवा वीज गेली तरच चालतात. वर्षभराच्या चाचणीत त्या चालल्या नाहीत याचा अर्थ चाचणीत वीज गेली नाही, इतकाच.

आणि यंत्राची बुद्धीही इथे फसते. पासवर्ड वापरून झाला की शहाणा प्रोग्रॅमर ती जागा शून्यांनी भरून टाकतो. कंपायलर पाहतो: या जागेत लिहिलं, पण नंतर कोणी वाचलं नाही, म्हणजे हे लिहिणं फुकट. तो ती ओळच गाळतो. पासवर्ड स्मृतीत तसाच राहतो. म्हणून ओपनबीएसडीने ‘एक्स्प्लिसिट बीझिरो’ हे फंक्शन आणलं आणि सीच्या २०२३च्या प्रमाणात ‘मेमसेट एक्स्प्लिसिट’ आलं. दोन्हींचा अर्थ एकच: हे निरुपयोगी दिसतंय, पण मुद्दाम आहे, हात लावू नको. हेतू लिहून ठेवला नाही तर कामाची वस्तूही अडगळ दिसते. आणि अडगळही कामाची वस्तू दिसते, हे आपण आरियानमध्ये पाहिलं.

ज्या धंद्यात चुकीची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते, त्यांनी हा फरक नियमात बांधला आहे. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी १९९२ मध्ये डीओ-१७८बी हे प्रमाण आलं. त्यात दोन वेगळे शब्द आहेत. एक मृत कोड: ज्याला कुठल्याही गरजेचा आधार नाही, चुकून राहिलेला. तो काढा. दुसरा बंद ठेवलेला कोड: दुसऱ्या प्रकारच्या विमानासाठी मुद्दाम ठेवलेला. तो ठेवता येतो, पण या विमानात तो जागा होणार नाही हे सिद्ध करा. पॉवर पेगला हा एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं. बेंगळुरूत मराठहळ्ळीला सेमिलॅक ही संस्था आहे. आपल्या लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता तिथे तपासली जाते आणि त्यात सॉफ्टवेअरही येतं. ‘चालतंय ना’ हे उत्तर तिथे चालत नाही.

मोटारींसाठी मिसरा सी ही नियमावली १९९८ मध्ये आली. या शहरात मोटारीतल्या संगणकांसाठी सी लिहिणाऱ्यांना ती पाठ असते. तिची २०१२ची आवृत्ती पोहोचता न येणारा कोड नको म्हणते, मृत कोड नको म्हणते, न वापरलेले प्रकार, मॅक्रो, लेबलं, पॅरामीटर नकोत म्हणते. आणि आणखी एक गोष्ट सांगते: कोडचे तुकडे टिप्पणीच्या खुणांत गुंडाळून ठेवू नका. ‘असू दे, पुढे लागेल’ या वृत्तीवरच तो घाव आहे.

पुढे लागलं तर काय? त्याचं उत्तर फार जुनं आहे. बेल लॅब्जमध्येच १९७२ मध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. फाइलची प्रत्येक जुनी अवस्था जपून ठेवणारी ही व्यवस्था. मग आरसीएस आलं, २००५ मध्ये गिट आलं. या वहीत एकदा नोंद झालेली ओळ काढली तरी हरवत नाही. कोणी काढली, कधी काढली, का काढली, हे तिथे राहतं. म्हणजे आठवणीसाठी वेगळी जागा गेली पन्नास वर्षं उपलब्ध आहे. चालत्या प्रोग्रॅमला माळा करायची गरज नाही.

प्रत्यक्ष काम कसं करावं, तेही थोडक्यात सांगतो. आधी कंपायलरचे सगळे इशारे चालू करा. जी फंक्शन्स एकाच फाइलपुरती आहेत त्यांना ‘स्टॅटिक’ म्हणा. मग त्यांना कोणी बोलावतं की नाही हे कंपायलर खात्रीने सांगू शकतो. नाहीतर बाहेरून कोणी बोलावेल या शंकेने तो गप्प बसतो. जी फंक्शन्स अनेक फाइलींत दिसतात त्यांच्यासाठी लिंकरला विचारा. प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवून, ज्या कप्प्याकडे कुठूनही वाट येत नाही असे कप्पे तो टाकू शकतो आणि त्यांची यादीही छापू शकतो. ही यादी म्हणजे संशयितांची यादी. निकाल माणसाने द्यायचा. एका वेळी एकच गोष्ट काढा, त्यात दुसरी सुधारणा मिसळू नका, बांधणी करा, चाचण्या चालवा, आणि का काढलं ते नोंदीत लिहा. सैन्यात जुनं सामान मोडीत काढताना बोर्ड ऑफ ऑफिसर्स बसतं. वस्तू पाहतात, कारण लिहितात, सह्या करतात, मग लेजरमधून कमी करतात. कोणी बोर्डाशिवाय वस्तू फेकली तर ती चोरी ठरते, आणि बोर्ड बसवलंच नाही तर कोठार भंगाराने भरतं. दोन्ही टाळायचं असतं.

लिनक्सच्या गाभ्याची मंडळी हे जाहीरपणे करतात, म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं ते ३८६ चिपच्या संगणकावर. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६चा आधार गाभ्यातून काढला गेला, कारण एका म्हाताऱ्या चिपसाठी ठेवलेल्या आडवाटांमुळे बाकी सगळ्यांचं काम अडत होतं. जन्मघर पाडण्यासारखंच ते. तरी पाडलं. २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीत आठ चिप-कुळांचा कोड एकदम गेला. जवळपास पाच लाख ओळी. पण त्याआधी विचारणा झाली: हे कोणी वापरतं का? सांभाळायला कोणी तयार आहे का? ज्यांच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, तीच कुळं गेली.

काढणं आणि बंद ठेवणं यातला फरक बेंगळुरूच्याच एका यंत्रातही दिसतो. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीने मिळून केलेला सिंप्युटर २००१ मध्ये लोकांसमोर आला. हातात मावणारा, स्वस्त, लिनक्सवर चालणारा. एवढ्याशा यंत्रात अख्खं लिनक्स कोंबता येत नाही. अशा यंत्रासाठी गाभा बांधताना हवे ते भाग निवडायचे आणि बाकीचे बाहेर ठेवायचे, ही सोय लिनक्सच्या बांधणीतच आहे. तिथे इफडेफ शत्रू नसतो. कारण प्रत्येक तुकड्याला नाव आहे, त्याचा अर्थ लिहिलेला आहे आणि कोणीतरी त्याचा धनी आहे. ओपनएसएसएलच्या जाळ्यात नेमकं हेच उरलं नव्हतं.

आता कळीचा मुद्दा. हे सगळं माहीत असून लोक काढत का नाहीत? कारण काढण्याचं श्रेय मिळत नाही. १९८२ मधली अ‍ॅपलची एक गोष्ट सांगतात. लिसा संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाने दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायचं होतं. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी त्या आठवड्यात आपला कोड नव्याने रचून लहान आणि वेगवान केला होता. त्यांनी आकडा भरला: उणे दोन हजार. काही आठवड्यांनी त्यांना तो फॉर्म मागणं बंद झालं.

ही गोष्ट ऐकून सगळे हसतात. पण ज्या शहरात कामाचं बिल माणसांच्या तासांवर होतं, तिथे उणे आकड्याला रकाना कुठे असतो? काढलेल्या ओळीने अपघात टळला तर तो दिसत नाही. काढलेल्या ओळीने काही मोडलं तर ते मात्र दुसऱ्या दिवशी दिसतं, आणि नावानिशी. अशा हिशेबात तरुण इंजिनीअर हात लावत नाही, याला मी त्याचा भित्रेपणा म्हणणार नाही. हुकूम नाही, बोर्ड नाही, सही करणारा वरिष्ठ नाही. मग एकट्या जवानाने सुरुंग का काढावा? हे काम वरच्यांनी वाटून द्यायचं असतं, त्याला वेळ द्यायचा असतो आणि झालं की नोंदवायचं असतं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ‘चालतंय ना’ हे उत्तर अर्धं आहे. पुढचा अर्धा प्रश्न विचारा: का चालतंय, कोणासाठी चालतंय, आणि त्याचा धनी कोण? तीनही उत्तरं मिळाली तर ती ओळ लाल बादली आहे. तिच्यावर तसं लिहा आणि राहू द्या. एकही उत्तर मिळालं नाही तर नोंद करून काढा. उत्तर अर्धवट मिळालं तर आधी शोध घ्या, झाडू नंतर. आरियानच्या बाबतीत पहिलं उत्तर जुन्या रॉकेटचं होतं. पॉवर पेगच्या बाबतीत तिसरं उत्तर देणारा कोणी उरला नव्हता.

तुमच्यापैकी जे आज कुठल्या तरी कंपनीत, कॉलेजात किंवा कारखान्यात जुना सी प्रोग्रॅम सांभाळत असतील, त्यांनी या आठवड्यात एकच करावं. सगळे इशारे चालू करून एकदा बांधणी करावी आणि जी यादी येईल तिच्यातली पहिली तीन नावं घेऊन आपल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याकडे जावं. तो निवृत्त होण्याआधी जावं. ‘हे का ठेवलं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा कुठल्याही फाइलीत नसतं, त्याच्याच डोक्यात असतं.

पुढच्या भागात गिटच्या आधीच्या नोंदवह्यांबद्दल, एससीसीएस आणि आरसीएसबद्दल सविस्तर बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.